परमुलखात जपलेले तिबेट

बेळगावहून सकाळच्या गाडीने हुबळीस उतरावे, तेथून मुंडगोडची बस धरावी आणि मुंडगोडच्या पुढे थोडी वाट तुडवावी. म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील मक्याच्या शेतांमधून एकाएकी सोनेरी कळसांची उंच मंदिरे दिसू लागतात. घरांवर पाचरंगी पताका फडफडत असतात. तांबडी वस्त्रे ल्यालेले भिक्षू रस्त्याने जात असतात, आणि ओसरीवर बसलेल्या वृद्ध स्त्रिया हातातील माळ ओढीत मंत्र पुटपुटत असतात. येथून ल्हासा दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ते नगर साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फाळ पर्वतांच्या कुशीत वसलेले. हा मुलूख मात्र तापट, पावसाळी आणि सागवानाच्या रानाजवळचा. तरीही १९६६ सालापासून तिबेटी लोकांची एक मोठी वसाहत येथे नांदत आहे. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून अशी एक वसाहत आहे.

आमच्यापैकी बहुतेकांची तिबेटी माणसाशी ओळख होते ती थंडीच्या दिवसांत, रस्त्याच्या कडेस मांडलेल्या लोकरी कपड्यांच्या दुकानात. आपण त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणतो, स्वेटराच्या किमतीवरून घासाघीस करतो आणि घरी येतो. ज्यांचा देश गेला, ज्यांच्यापैकी पुष्कळांनी तो कधी डोळ्यांनीही पाहिला नाही, त्यांनी आपली भाषा, आपला धर्म, आपले वैद्यक आणि आपली गाणी साठ-पासष्ट वर्षे परमुलखात कशी जिवंत ठेवली, हा विचार त्या घासाघिशीत आपल्या मनाला शिवत नाही. तो मनाला शिवावा आणि त्यातून आपल्यापुरतेही काही हाती लागावे, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १९५० च्या ऑक्टोबरात चीनच्या फौजा पूर्व तिबेटातील छाम्दो येथे शिरल्या. १९५१ साली सतरा कलमांच्या करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या घेण्यात आल्या. पुढील आठ वर्षे असंतोष धुमसत राहिला आणि १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी साध्या सैनिकाच्या वेषात आपला प्रासाद सोडला आणि ३१ मार्च रोजी ते तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसे हिमालयाच्या खिंडी ओलांडून भारत, नेपाळ आणि भूतान या देशांत आली. थंड हवेत वाढलेली ही माणसे आसामातील मिसामारीच्या छावणीत उन्हाळ्याच्या उकाड्यात येऊन पडली. अंगावरची लोकरीची वस्त्रे हीच काय ती त्यांची मालमत्ता. कित्येक जण रोगाने गेले. जे उरले त्यांतील पुष्कळांना हिमालयातील रस्ते बांधण्याच्या कामावर मजूर म्हणून धाडण्यात आले.

आता येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी असे आम्हांस वाटते. अशा वेळी माणूस प्रथम काय वाचवतो? ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिबेटी निर्वासितांनी मात्र दोघांनाही एकाच पंक्तीस बसवले. मार्चमध्ये देश सुटला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात कालिंपाँग येथे संगीत, नृत्य आणि नाट्य यांची संस्था उभी राहिली! डोक्यावर धड छप्पर नाही, उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, आणि ही माणसे ‘ल्हामो’ नावाच्या आपल्या जुन्या संगीत नाटकांचे मुखवटे नि पोशाख जुळवीत होती. पुढे धर्मशाळेस हलवलेली ही संस्था आजही चालू आहे. १९५९ च्या २ ऑक्टोबरला दार्जिलिंग येथे स्वावलंबन केंद्र निघाले. तेथे गालिचे विणण्याचे परंपरागत काम हेच उपजीविकेचे साधन झाले. १९६१ साली धर्मशाळेत तिबेटी वैद्यक आणि ज्योतिष यांची संस्था पुन्हा सुरू झाली. ल्हासातील मूळ संस्था १९१६ ची.

कोणी म्हणेल, ही चैन होती. आम्हांस तसे वाटत नाही. देश गमावलेल्या समाजात म्हातारी माणसे हेच ग्रंथालय असते. एक वृद्ध गवई छावणीत तापाने गेला, म्हणजे त्याच्याबरोबर शंभर गाणी गेली. एक वैद्य गेला, म्हणजे नाडीपरीक्षेचे आयुष्यभराचे ज्ञान गेले. भाकरी उशिरा मिळाली तर माणूस भूक काढू शकतो. पण गाणारा गेल्यावर त्याचे गाणे कोणाकडून शिकणार? ज्यांनी ही निकड पहिल्या सहा महिन्यांत ओळखली, त्यांची दूरदृष्टी खरोखर वाखाणण्याजोगी आहे.

सर्वांत मोठा प्रश्न मुलांचा होता. आईबाप रस्त्यावर खडी फोडीत आणि मुले तंबूंत आजारी पडत. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्त्यांच्या छावण्यांतून एकावन्न मुले धर्मशाळेस आणली गेली. ती दुखणाईत होती, त्यांची पोटे खपाटीला गेलेली होती. दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना पदराखाली घेतले. १९६४ साली त्या निवर्तल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ती धुरा वाहिली. आज ‘तिबेटी बालग्राम’ या नावाने ओळखली जाणारी संस्था त्या एकावन्न मुलांतून वाढली. तेथील रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मुलांना लांबलचक वसतिगृहात न कोंबता लहान लहान घरे केली. प्रत्येक घराला एक ‘आमा’, म्हणजे आई, नेमली. भाषा वर्गात शिकवली जाते हे खरे. पण ती मुरते चुलीजवळ, ताटावर आणि अंथरुणावर. संस्थाचालकांना हे कळले होते.

शाळांच्या बाबतीत भारत सरकारने घेतलेला निर्णयही तितकाच महत्त्वाचा होय. पहिली शाळा ३ मार्च १९६० रोजी मसुरीस पन्नास मुलांनिशी सुरू झाली. पंडित नेहरूंनी तिबेटी मुलांसाठी स्वतंत्र शाळा असाव्यात हे मान्य केले आणि १९६१ साली शिक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली त्यांच्यासाठी वेगळे मंडळ स्थापन झाले. मुलांनी भारतातील इतर मुलांप्रमाणेच आधुनिक विषय शिकावेत. मात्र त्यांची भाषा, इतिहास आणि धर्म यांनाही शाळेत स्थान असावे, अशी ही योजना. पुढे या शाळा टप्प्याटप्प्याने निर्वासित तिबेटी प्रशासनाकडे सोपवण्यात आल्या. २००४ साली त्या प्रशासनाने जे शिक्षणविषयक धोरण स्वीकारले, त्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यावर भर आहे.

या धोरणावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. आक्षेपक म्हणतात, “ज्या देशाने आसरा दिला, त्या देशात मिसळून जावे. वेगळी शाळा, वेगळी भाषा, वेगळी वस्ती; अशाने निर्वासित कायमचा निर्वासितच राहतो.” वेगळेपणाने भिंती वाढतात, हे आम्हीही मान्य करतो. पण तिबेटी वसाहतींचा अनुभव काय सांगतो? मुंडगोड आणि बैलकुप्पे येथील तिबेटी माणूस बाजारात कानडी बोलतो, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतो आणि घरी तिबेटी बोलतो. वसाहतींतील दवाखान्यांत आसपासच्या खेड्यांतील रोगी येतात. वसाहतींतील शेतांवर भोवतालचे मजूर काम करतात. दोन घरांच्या मध्ये भिंत असली तरी तिला दार ठेवता येते. मिसळणे म्हणजे विरघळणे, असा अर्थ करणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू : पाण्यात टाकलेली साखर पाणी गोड करते हे खरे, पण नंतर ती साखर कोठे शोधायची?

उपकाराची जाण ठेवण्यासाठी आपली भाषा टाकावी लागत नाही. मुंडगोडची वसाहत वसली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री श्री. एस. निजलिंगप्पा होते. सीमाभागातील मराठी घरांतून हे नाव कोणत्या सुरात घेतले जाते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. तिबेटी लोक मात्र ते नाव आजही कृतज्ञतेने घेतात, आणि ते रास्तच आहे. बैलकुप्पे, मुंडगोड, हुणसूर, कोळ्ळेगाल अशा ठिकाणी मिळून या राज्यात पाच वसाहती वसल्या. आरंभी तेथे दाट रान होते. ते तोडावे, जाळावे, हत्तींपासून पीक राखावे, आणि ज्या हाताने पूर्वी याकाचे दोर धरले त्या हाताने मका पेरावा, असा त्यांचा दिनक्रम होता. जमीन देणाऱ्याने जमीन दिली. भाषा मात्र मागून घेतली नाही. हा मोठेपणा त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे.

आता मठांकडे वळू. ल्हासाच्या परिसरातील गांदेन (१४०९), द्रेपुंग (१४१६) आणि सेरा (१४१९) हे तीन महाविहार म्हणजे तिबेटची विद्यापीठेच होत. १९५९ नंतर तेथील सुमारे दीड हजार भिक्षूंना बंगालमधील बक्सा येथे ठेवण्यात आले. बक्सा म्हणजे इंग्रजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना जेथे डांबले ती जागा! दमट हवा, कोंदट कोठड्या, आणि त्यात क्षयरोगाचा फैलाव. तशाही स्थितीत या भिक्षूंनी अध्ययनाची परंपरा तुटू दिली नाही. ग्रंथ थोडे होते. जे होते ते पाठ केले जात, आणि पाठ असलेल्यांवर वाद चालत. सुमारे दशकभराने ते दक्षिणेत आले आणि द्रेपुंग व गांदेन मुंडगोडला, तर सेरा बैलकुप्पे येथे पुन्हा उभे राहिले.

या मठांतील अध्ययनाची रीत आमच्या विद्यार्थिमित्रांनी जाणून घ्यावी अशी आहे. संध्याकाळी अंगणात भिक्षूंच्या जोड्या जमतात. एक जण खाली बसतो, दुसरा उभा राहतो. उभा असलेला प्रश्न टाकतो आणि टाकताना पाय आपटून हातावर हात वाजवतो. बसलेल्याने तत्काळ उत्तर द्यायचे. उत्तरात विसंगती आढळली की तिचा पिच्छा पुरवला जातो. शेकडो टाळ्यांचा तो गजर ऐकून परक्यास भांडण चालले आहे असे वाटावे! पण हा आपल्याच पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा, खंडन-मंडनाचा प्रकार आहे. पंधरा-वीस वर्षे असे वाद घालावे, तेव्हा कोठे ‘गेशे’ ही पदवी मिळते. परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शिका चाळणाऱ्यांनी याचा क्षणभर विचार करावा.

ही रीत आपल्याच देशातून तिकडे गेली, ही गोष्ट आम्हांस विशेष हृद्य वाटते. परंपरा सांगते की सातव्या शतकात स्रोङ्-च्चन-गम्पो राजाचा अमात्य थोन्मी संभोट याने भारतीय लिपीच्या नमुन्यावर तिबेटी लिपी सिद्ध केली. तीस व्यंजने आणि चार स्वरचिन्हे असलेल्या त्या वर्णमालेचा आरंभ आपल्यासारखाच क, ख, ग असा आहे. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिबेटात गेले; १०४२ च्या सुमारास दीपंकर श्रीज्ञान गेले. शतकानुशतके संस्कृत ग्रंथांची भाषांतरे होत राहिली, आणि नवव्या शतकाच्या आरंभी भाषांतरकारांसाठी ‘महाव्युत्पत्ति’ हा संस्कृत-तिबेटी कोश तयार झाला. बुद्धवचनांचा ‘कंग्युर’ शंभराच्या आसपास खंडांचा, आणि आचार्यांच्या भाष्यांचा ‘तंग्युर’ दोनशेहून अधिक खंडांचा. भारतात मूळ संस्कृत ग्रंथ नष्ट झाले. कित्येकांचे आज केवळ तिबेटी भाषांतर उरले आहे. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि दुर्मीळ पोथ्या नि त्यांच्या प्रतिकृती घेऊन आले, ते उगाच नव्हे. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’चे मूळ संस्कृत तेथेच गवसले.

आमच्या गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी बुद्धधर्माच्या शोधात घर सोडून निघाले, तेव्हा त्यांना नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असे हिंडावे लागले. कारण बुद्धाच्या मायभूमीत बुद्धाची विद्या शिकवणारा कोणी उरला नव्हता. आज तीच विद्या शिकवणारे हजारो जण मुंडगोडात आहेत. १९६७ साली सारनाथ येथे तिबेटी उच्च शिक्षणाची संस्था स्थापन झाली. तेथे तिबेटी भाषांतरांवरून हरवलेले संस्कृत ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्याचे काम चालते. धर्मशाळेतील ग्रंथालय १९७० सालचे. निर्वासितांनी पाठीवरून आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती त्यात जतन केल्या आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की भारताने तिबेटी लोकांना आसरा दिला हे अर्धेच सत्य होय. आपण हरवलेली ठेव त्यांनी हजार वर्षे सांभाळली आणि संकटकाळात ती आपल्याच अंगणात आणून ठेवली, हे उरलेले अर्धे.

मठ आणि संस्था यांचे वर्णन करताना घर विसरून चालणार नाही. जव म्हणजे सातू भाजून केलेले पीठ, त्याला तिबेटी लोक ‘त्साम्पा’ म्हणतात; लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा; नववर्षाचा ‘लोसर’ सण; विवाहित स्त्रीने नेसायचे पट्टेरी वस्त्र : ही सर्व घराघरांतील स्त्रियांनी जपली. दक्षिणेतील उन्हाळ्यात लोकरी ‘छुपा’ अंगावर घालवत नाही, तर तोच बेत सुती कापडात शिवला. सातूचे पीक येथे येत नाही, तरी सणाला त्याचे पीठ कोठून ना कोठून आणले. हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी कुटुंबे दूरच्या शहरांत जातात; पण लोसरच्या सुमारास आपापल्या वसाहतीत परततात. तांब्याचे भांडे रोज घासले तर लखलखते, माळ्यावर ठेवले तर काळवंडते. संस्कृतीचेही तसेच आहे. ती संग्रहालयात टिकते हा समज आहे. ती टिकते रोजच्या वापराने.

जपणे म्हणजे जसेच्या तसे गोठवणे, असे मात्र कोणी समजू नये. परंपरेनुसार ‘गेशे’ पदवी भिक्षूंनाच मिळे. २०१६ च्या डिसेंबरात मुंडगोडच्या द्रेपुंग विहारात वीस भिक्षुणींना ‘गेशेमा’ ही पदवी दलाई लामांच्या हस्ते देण्यात आली. मूळ तिबेटात जे घडले नाही, ते निर्वासितांच्या तिबेटात घडले! मठांच्या अभ्यासक्रमात विज्ञानाचा समावेश झाला आहे. २ सप्टेंबर १९६० रोजी निवडून आलेल्या प्रतिनिधींनी शपथ घेतली, आणि तो दिवस लोकशाहीदिन म्हणून पाळला जातो. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेतृत्वाकडे सोपवले. सत्ता हाती असताना ती आपण होऊन खाली ठेवणारे इतिहासात विरळा. ज्या परंपरेत स्वतःला सुधारण्याचे धैर्य आहे, तीच चिरकाल टिकते, असे आमचे मत आहे.

जपताना काही गमवावेही लागते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तिबेटात उ-त्सांग, खाम आणि आम्दो असे तीन प्रमुख प्रदेश. त्यांच्या बोली इतक्या भिन्न की एकाला दुसऱ्याचे बोलणे सहज उमगू नये. निर्वासितांच्या शाळांत ल्हासाच्या वळणाची एक समान भाषा रुळली. त्यामुळे एकी झाली. पण खामच्या आजोबांची बोली नातवाच्या तोंडून नाहीशी होऊ लागली. घरात कोकणी आणि शाळेत मराठी असे आयुष्य काढणाऱ्या आम्हांला हे दुःख परके नाही. प्रमाण भाषेची गरज आम्ही जाणतो, तिच्यावर आमचे प्रेमही आहे. तरी शाळेने मुलाच्या घरच्या बोलीस हसू नये, एवढी दक्षता शिक्षकांनी घेतलीच पाहिजे.

आजचे चित्र चिंतेचे आहे. २००९ साली झालेल्या गणनेत जगभरातील निर्वासित तिबेटी सुमारे १,२८,००० भरले. त्यांपैकी सुमारे ९४,००० भारतात होते. त्यानंतर भारतातील संख्या बरीच घटली आहे. २००८ पर्यंत दरवर्षी दोन-तीन हजार लोक हिमालय ओलांडून येत. त्यानंतर सीमा आवळल्या गेल्या आणि येणारे जवळजवळ थांबले. इकडे तरुण मंडळी अमेरिका, कॅनडा, युरोप येथे जात आहेत. वसाहतींत म्हातारी माणसे उरतात आणि शाळांतील पट रोडावतो. दारिद्र्याने, रोगाने आणि रानाने जे साधले नाही, ते सुबत्तेच्या ओढीने साधेल की काय, अशी शंका येते. तरुणांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. नोंदणीपत्रावर जगणाऱ्या तरुणास स्थिर आयुष्य हवे असेल, तर त्यात गैर काय? परंतु मुंडगोडमध्ये शेजार, सण, शाळा आणि मठ मिळून जे काम आपोआप करीत होते, ते दूरदेशीच्या एकट्या घरात आईबापांना जाणूनबुजून करावे लागेल.

आणि मूळ तिबेटात काय स्थिती आहे? १९६६ ते १९७६ या ‘सांस्कृतिक क्रांती’च्या काळात तेथील मठ आणि ग्रंथ यांचा प्रचंड विध्वंस झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी, सुमारे दहा लाख तिबेटी मुले घरापासून तोडून चिनी भाषेच्या निवासी शाळांत ठेवली जात असल्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. मुलखात राहून भाषा जाते आणि मुलूख सुटूनही भाषा राहते, असा हा विलक्षण विपर्यास आहे. यावरून उघड होते की भाषेचे प्राण भूमीत जितके असतात, तितकेच शाळेत असतात.

गोव्याच्या माणसाला हे कळण्यास फार प्रयास पडू नयेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्याचा सपाटा लावला, तेव्हा आमच्या पूर्वजांनी रातोरात मूर्ती उचलल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. किती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात उतरली! १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ते फर्मान काढणारे गेले, कोकणी राहिली. कारण ती घरात बोलली जात होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनीही अशीच पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा राखली. अर्थात आमची आणि तिबेटी लोकांची स्थिती सारखी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हांला देश आहे, मतदानाचा हक्क आहे, शेजारच्याच राज्यात कोट्यवधी भाषाबंधू आहेत. मुद्दा इतकाच की ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्यांनी एवढे केले. मग ज्यांच्यापाशी सर्व आहे त्यांनी किती करावे?

या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या ठरावांत शोधू नये. सभेत भाषेच्या अभिमानाची भाषणे ठोकून घरी येताच मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलणारे पालक आम्ही पुष्कळ पाहतो. त्या अभिमानाचा भाषेला कवडीचाही उपयोग नाही. पालकांनी रात्रीच्या जेवणावेळी मुलांशी आपल्या भाषेत बोलावे. मग ती मराठी असो, कोकणी असो वा कानडी असो. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांपाशी बसून निदान दहा ओव्या, दहा म्हणी, दोन कहाण्या वहीत उतरवून घ्याव्यात. आजी कायमची नसते. शिक्षकांनी इतर भाषांचा द्वेष न शिकवता आपल्या भाषेची गोडी लावावी. कारण तिबेटी मुलगा कानडी, हिंदी, इंग्रजी शिकूनही तिबेटी राहू शकतो, तर चार भाषा ही अडचण नव्हे, श्रीमंतीच होय.

आणि एक विनंती. यंदाच्या थंडीत रस्त्याच्या कडेला तिबेटी दुकान दिसले, तर स्वेटर घ्या अथवा न घ्या; दुकानात बसलेल्या बाईंना ‘ताशी देलेक’ म्हणून नमस्कार करा. त्यांचे ते मंगलवचन आहे. परक्याच्या तोंडून आपल्या भाषेचा एक शब्द ऐकला म्हणजे दूरदेशीच्या माणसाला काय वाटते, हे सीमेवरच्या मराठी मुलांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.